लेकीला दहाव्या वाढदिवसाला डोंगरावर तंबूत झोपायचंय. सोलापूरहून कुठे जावं?

विचारलं: विजापूररोडची_आई

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरचे. १४ डिसेंबरला माझ्या लेकीचा दहावा वाढदिवस आहे. दरवर्षी हॉल, फुगे, रिटर्न गिफ्ट असं सगळं होतं. यंदा तिने स्वतःहून सांगितलंय की यातलं काही नको. तिला डोंगरावर तंबूत झोपायचंय आणि सकाळी उठून उंच जागी जाऊन सूर्य उगवताना बघायचाय. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास झाला तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. पोरगी सहसा काही मागत नाही, त्यामुळे हे करायचंच असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

अडचण अशी की आमच्याकडे डोंगर कुठाय? चहूकडे सपाट माळ. पोरांनी आजवर चढलेला सर्वांत मोठा चढ म्हणजे तुळजापूरच्या देवळाच्या पायऱ्या.

बरोबर कोण कोण ते सांगते. आम्ही तिघं, दीर-जाऊबाई, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई सहासष्टच्या. दोन मजले रोज चढतात, पण उतरताना कठडा धरावा लागतो. त्यांना घरी ठेवायचा विषय काढला तर म्हणाल्या, "नातीचा वाढदिवस हाय, मी पायथ्याला बसून राहीन पण येणार." त्यांना पायथ्याला बसवून ठेवणं मला पटत नाही. त्या वर आल्या तरच तो वाढदिवस.

नवऱ्याचं म्हणणं, जायचंच तर कळसूबाई. मला ते झेपेल असं वाटत नाही. तलावाकाठच्या तयार तंबूंचाही पर्याय आहे, पण मागे एका ठिकाणी गेलो होतो तिथे रात्री एकपर्यंत डीजे चालू होता, लेकरं झोपली नाहीत. तसं नकोय.

शुक्रवारी दुपारी निघून रविवारी रात्री घरी पोचायचंय. जागा, थंडी, जेवण, तंबू विकत घ्यावा की भाड्याने, जे माहीत असेल ते सांगा.

उत्तर: खेळाचे_सर

ताई, तुमच्या लेकीचं मला फार कौतुक वाटलं. मी सोलापुरातच शाळेत खेळ शिकवायचो, आता निवृत्त आहे. माळावरची पोरं डोंगरात नेणं हे माझं सगळ्यांत आवडतं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कळसूबाई यंदा नको. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, हे खरं. पण बारी गावातून चढायला चांगल्या माणसाला तीन तास लागतात, मध्ये लोखंडी शिड्या आहेत, आणि सहा वर्षांचं पोर अर्ध्या वाटेत खांद्यावर येतं. शिवाय सोलापूरहून ते अकोले तालुक्यात, लांब पडतं. राजगड मला जिवापाड आवडतो, पण तोही आजींसाठी नाही. गडांवरच्या मुक्कामाचे नियमही आता कडक झालेत.

तुम्ही रायरेश्वर करा. भोर तालुक्यातलं पठार, साडेचार हजार फुटांच्या आसपास. शिवरायांनी १६४५ साली सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली ती इथल्या महादेवासमोर, असं परंपरेने सांगतात. चौथीच्या पुस्तकात वाचलेल्या जागी दहावा वाढदिवस, याहून वेगळं काय द्यायचं पोरीला? शिवाय वर वस्ती आहे. जंगम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात, शेती करतात, आल्यागेल्याला जेवू घालतात. म्हणजे अंगणात तंबू लावायचा, आजींना घरात झोपवायचं. रात्री पोराला ताप आला तरी डोक्यावर छप्पर आहे.

गाडी रायरेश्वर आणि केंजळगडाच्या मधल्या खिंडीपर्यंत जाते. तिथून आजींच्या चालीने तासभर धरा. शेवटी कड्याला लोखंडी शिडी आहे. पठारावरच्या लोकांनी शेतीसाठी ट्रॅक्टर घेतला तोसुद्धा सुटे भाग करून याच वाटेने वर नेला होता. शिडी चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. दोन हात आणि एक पाय कायम टेकलेला, मगच दुसरा पाय खाली. पोराच्या आणि आजींच्या खाली एक मोठा माणूस पाहिजे, त्याने पाय धरून पायरीवर ठेवून द्यायचा. हे घरी गच्चीच्या शिडीवर आधी करून घ्या. आजींनाही.

रस्ता: मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, फलटण, लोणंद करत वाई. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून फलटणपर्यंत चांगला वेग मिळतो, तरी लेकरं घेऊन वाईला पोचायला सहा तास धरा. शुक्रवारी रात्री वाईतच थांबा. सहा तास गाडीत बसून त्याच संध्याकाळी अंधारात शिडी चढायची नाही, डिसेंबरात सहाला सूर्य जातो. शनिवारी सकाळी ढोल्या गणपतीला नमस्कार करून निघा. दुपारी वर पोचाल, पठारावर भटका. तुमच्या साहेबांना चढाईची हौस असेल तर त्यांनी आणि दिरांनी समोरचा केंजळगड करावा, तिथे कातळात खोदलेल्या पन्नासेक पायऱ्या बघण्यासारख्या आहेत. पठाराच्या पश्चिम टोकाला नाखिंद आहे, पण ती चाल लांबची. सहा वर्षांच्याला नेऊ नका.

आता थंडी. आपलं सोलापूर दीड हजार फुटांवर. दर हजार मीटरला साधारण सहा अंशांनी हवा गार होते, म्हणजे रायरेश्वर आपल्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार, वर वारा वेगळाच. पण तंबूत थंडी वाजते ती जमिनीतून. लोक सगळी पांघरुणं अंगावर घेतात आणि खाली पातळ चटई टाकतात. उलट करा: खाली फोमची चटई, तिच्यावर आपली सोलापुरी चादर दुहेरी घालून, मग झोपायची पिशवी. चादर घरात आहेच, त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. तंबू भाड्याने घ्या, पण आदल्या रविवारी घरी गच्चीवर लावून बघा, काठ्या आणि खुंट्या मोजून घ्या. झोपताना वरची जाळीची झडप उघडी ठेवा. थंडी म्हणून सगळं बंद केलं की श्वासाची वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे पोरांच्या तोंडावर थेंब पडतात.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. १३-१४ डिसेंबरची रात्र म्हणजे मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा जोर असतो, वर्षातल्या सगळ्यांत भरघोस वर्षावांपैकी एक. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे, हा मात्र १९८३ साली सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. तुमच्या पोरीचा वाढदिवस नेमका त्या रात्री लागतोय! बारा वाजता केक कापण्यापेक्षा तंबूबाहेर चादरी अंथरून उताणं पडा. वीस मिनिटं मोबाईल बघायचा नाही, डोळे अंधाराला सरावले की मग दिसायला लागतात. तिथी मात्र दिनदर्शिकेत बघून ठेवा, चांदणं असेल तोवर बारीक उल्का झाकल्या जातात.

उत्तर: कृष्णाकाठची

सरांनी सगळं छान लिहिलंय. माझं माहेर वाई, म्हणून थोडी भर घालते.

वाई सोडली की पुढे पेट्रोलची आशा धरू नका, टाकी भरून घ्या. शेवटचा घाट अरुंद आहे, वळणावर हॉर्न द्या आणि समोरून गाडी आली तर घाई करू नका. वर ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आठवडाभर आधी फोन करा. किती माणसं, किती जेवणं, तंबू कुठे लावायचा आणि शौचालयाची सोय कशी आहे, हे चारही स्पष्ट विचारा. शेवटचा प्रश्न बायका संकोचाने विचारत नाहीत आणि मग तिथे गेल्यावर हाल होतात. जेवण साधंच असतं, पिठलं, भाकरी, ठेचा, भात. मुलांना तिखट कमी असं आधी सांगून ठेवा. पैसे देताना घासाघीस करू नका, मीठ-तेलसुद्धा त्यांना खालून डोक्यावर आणावं लागतं.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. डिसेंबरात पठारावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. एक ठिणगी पडली तर वणवा लागतो, गुरांचा चारा जातो, जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात. शेकोटी हवी असेल तर अंगणातल्या चुलीपाशी, घरमालक सांगतील तिथेच. फटाके, ते आकाशात सोडायचे कागदी दिवे, काही नको. दुसरं म्हणजे आग्या मोहोळ. कड्यांच्या कपारीत असतात. त्या दिवशी अत्तर, सेंट कुणी लावू नका, धूर करू नका, कड्याखाली आरडाओरडा नको. दगड मारायची पोरांना सवय असते, निघायच्या आधीच ताकीद द्या.

आणि रविवारी नऊ-साडेनऊपर्यंत उतरायला लागा. पुण्याकडची गर्दी त्यानंतर वर यायला लागते, शिडीवर खोळंबा होतो आणि आजींवर उगाच घाईचं दडपण येतं.

उत्तर: रात्रपाळी

मी परिचारिका आहे, माझ्या कामापुरतंच लिहिते.

थंडी वाटली म्हणून शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली तंबूत नेऊ नका, विझत आलेली असली तरी. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतून माणूस उठत नाही. त्यापेक्षा गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पोरांच्या पायाशी ठेवा.

सहा वर्षांच्या मुलाला घाटात उलटी होते का बघा. होत असेल तर मोकळ्या पोटी किंवा गच्च भरलेल्या पोटी बसवू नका, मोबाईल हातात देऊ नका. दिवसभर चालल्यावर घामाने भिजलेला गंजीफ्रॉक सूर्य मावळायच्या आत बदला, मुलं गारठतात ती त्यानेच.

सासूबाईंच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, कारण उतरताना सगळा भार गुडघ्यावर झेलावा लागतो. दोन काठ्या द्या, दोन्ही हातांत एकेक. त्यांची रोजची औषधं तुमच्या हातातल्या पिशवीत असू द्या, गाडीत नाही. आत्तापासून रोज संध्याकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारायला न्या आणि त्या काठ्या तिथेच वापरायला लावा. नव्या बुटांनी कुणीही डोंगर चढू नये.

विजापूररोडची_आई

काय लिहू, मन भरून आलं. सरांचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, कळसूबाईचा विषय मिटला. केंजळगडाचं नाव ऐकून दीरही खूश आहेत. उल्कांचं लेकीला अजून सांगितलं नाही, ते तिथेच सांगणार. सासूबाईंना रायरेश्वर म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, सोमवार धरून जाता येईल का. महादेव आहे ना!

आता केकचं सांगा. क्रीमचा केक सहा तास गाडीत आणि मग शिडीवरून कसा न्यायचा? औक्षण पहाटे सूर्य उगवताना पठाराच्या कडेला करावं असं मनात आहे. आणि दोन दिवसांचं खाणं काय बांधून घेऊ?

खेळाचे_सर

ताई, क्रीमचा केक विसरा. आजींना शेंगापोळ्या करायला सांगा. आपल्या शेंगापोळ्या चार दिवस सहज टिकतात, डब्यात दाबल्या तरी मोडत नाहीत. दहा पोळ्या एकावर एक रचा, वर तुपाचा गोळा. वरच्या वस्तीतल्या मुलांनाही बोलवा, सगळ्यांच्या हातावर तुकडा येईल. केक कापल्यावर ते समाधान मिळत नाही.

औक्षण उघड्यावर होणार नाही, पहाटेच्या वाऱ्यात निरांजन क्षणभरही टिकत नाही. सूर्य सातच्या सुमारास येतो. साडेसहाला कडेला जाऊन उगवतीकडे तोंड करून बसा, कड्यापासून चांगलं दहा पावलं आत, पोरांचे हात धरून. हवा स्वच्छ असेल तर राजगड, तोरणा, केंजळगड, कमळगड एकेक करून उजळताना दिसतील. लेकीला आधीच नकाशावर दाखवून ठेवा, तिथे तिलाच ओळखू द्या. मग परत येऊन महादेवाच्या गाभाऱ्याबाहेर, भिंतीच्या आडोशाला औक्षण करा. दहा दिवे लावायचे तर तिथेच लागतील.

खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसरं काही शोधू नका. सोलापूरकरांकडे ट्रेकचं सगळ्यांत उत्तम खाणं घरातच असतं. कडक भाकरी महिना महिना खराब होत नाही, वजनाला हलकी. चढताना तुकडा मोडून तोंडात टाकायचा आणि चघळत राहायचं. रात्री वर गरम आमटी मिळाली की त्यात चुरून दहा मिनिटं झाकून ठेवा, फुगून मऊ होते, मग आजींनाही चावते. चटणी तेल घालून न्याल तर बरणीचं झाकण नीट बघा आणि बरणी पिशवीत उभी ठेवा. बरोबर गूळ, भाजलेले शेंगदाणे, संत्री. साली आणि कागद सगळं खाली परत आणायचं, त्यासाठी एक वेगळी पिशवी लेकीच्या हाती द्या, तिच्या वाढदिवसाची तेवढी जबाबदारी तिची.

खाण्याच्या पिशव्या रात्री घरात ठेवा, तंबूत नाही. उंदीर कापड कुरतडतात.

विजापूररोडची_आई

शेंगापोळ्यांचं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, दहा कशाला, चाळीस करते. सोमवारचा हट्ट मात्र सोडला, कारण १४ चा उल्कांचा कार्यक्रम मी त्यांच्या कानात सांगितला. काठ्या आजच आणल्या, कंबर तलावाची पहिली फेरी झाली. नातवाला त्यांच्या काठ्या फार आवडल्यात, त्यालाही एक छोटी आणावी लागणार. वाईच्या ताई, वरच्या कुटुंबाला उद्या सकाळी फोन करते, चारही प्रश्न लिहून ठेवलेत.