शब्दचर्चा: ‘ॲसिडिटी’, ‘आंबटगोड’ आणि आपला विसरलेला ‘बुंद’

प्रश्न:
इथिओपियातल्या यिर्गाचेफे कॉफीच्या पाकिटावरचा मजकूर मराठीत करायला घेतलाय. मूळ इंग्रजीत ‘ब्राइट ॲसिडिटी’ आहे. ‘तेजस्वी आम्लता’ लिहिलं आणि लगेच खोडलं. ‘आंबट’ लिहिलं तर आई म्हणाली, आंबट कॉफी कोण विकत घेईल? शिवाय ‘सिंगल ओरिजिन’ला, म्हणजे एकाच भागातून आलेल्या कॉफीला, ‘एकमूळ’ चालेल का? आणि ‘जॅस्मिन’ म्हणजे मोगराच ना?

प्रतिसाद:
आईंचं बरोबर आहे. आपल्याकडे दुधाची, जायफळ घातलेली कॉफी. तिला आंबट चव आली म्हणजे दूध नासलं. ‘ॲसिडिटी’ तर नकोच, मराठी घरात त्याचा अर्थ छातीत जळजळ एवढाच. ‘आम्लता’ प्रयोगशाळेतली. ‘आंबूस’ म्हटलं की शिळ्या भाताचा डबा उघडल्यासारखं वाटतं, आणि ‘आंबटढाण’ कैरीसाठी राखून ठेवलेला बरा.

मी ‘आंबटगोड’ म्हणेन. बोरं, करवंदं, संत्री यांना आपण लावतो तो शब्द. कॉफीचा दाणा ही शेवटी एका लाल फळाची बीच आहे, आणि यिर्गाचेफेत ते फळ जिभेला कळतं. ही झाडं साधारण १,७०० ते २,२०० मीटर उंचीवर वाढतात. तिथल्या गारव्यात फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट होतो. पुढे तो हलका भाजला तर ही आंबटगोड चव टिकते. जास्त भाजला की ती जाते आणि कडवटपणा वर येतो. म्हणून पाकिटावर ‘खरपूस’ लिहू नका. आपल्याला तो शब्द प्रिय आहे, पण या कॉफीबद्दल तो खोटा ठरेल.

एकदा करून पाहा. बिनदुधाची, बिनसाखरेची करा आणि लगेच पिऊ नका. वाफ येते तोवर नुसता फुलांचा वास असतो. कप कोमट झाला की लिंबाची साल नखाने खरवडल्यावर येते तशी चव जिभेच्या कडांना लागते. अगदी गार झाल्यावर गोडवा जास्त जाणवतो. मी हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा कप अर्ध्यावर ठेवून पुन्हा पुन्हा हुंगत बसलो होतो.

‘एकमूळ’ची गरज नाही. देवगडचा हापूस, सांगलीची हळद म्हणतो तसं ‘यिर्गाचेफेची कॉफी’ म्हणा, त्यात सगळं आलं. ‘एकाच मळ्यातली’ मात्र चुकीचं होईल. यिर्गाचेफे ज्यात येतं त्या गेडेओ भागात कॉफी बहुतेक घराभोवतीच्या लहान तुकड्यांत होते, मोठ्या झाडांच्या आणि एन्सेटच्या सावलीत. एन्सेट दिसायला केळीसारखी, पण तिचं फळ खात नाहीत. खोडातला आणि कंदातला गर आंबवून त्याची भाकरी करतात. आपल्या कोकणातली वाडी डोळ्यांपुढे आणा. हा गेडेओचा सांस्कृतिक भूप्रदेश २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. शेकडो घरांची फळं एका धुलाई केंद्रावर येतात, साल काढून दाणे टाकीत आंबवतात, चिकटा धुऊन काढतात आणि उंच माचांवर वाळवतात. तेव्हा पाकिटावर ‘वॉश्ड’ असेल तर त्याला ‘धुऊन वाळवलेली’ आणि ‘नॅचरल’ असेल, म्हणजे फळ न सोलताच वाळवलेलं, तर ‘सालीसकट वाळवलेली’ म्हणा. दुसरीत पिकलेल्या फळाचा गोडवा जास्त, पहिलीत चव स्वच्छ, सुटी सुटी.

आता खरी गंमत. जुन्या मराठी कोशांत ‘बुंद’, ‘बुंददाणा’ असा शब्द आहे. अर्थ: कॉफीचं बी. तो अरबी ‘बुन्न’वरून आला. इथिओपियात अम्हारिक भाषेत कॉफीला आजही ‘बुना’च म्हणतात! ‘कॉफी’ची वाट वेगळी: अरबी ‘कहवा’, तुर्की ‘काहवे’, डच ‘कोफी’, मग इंग्रजी. इथिओपियातल्या काफा प्रांतावरून कॉफी हे नाव पडलं, असं सर्रास सांगतात. पण अरबीत ‘कहवा’ हा शब्द आधी मद्यालाही वापरत, त्यामुळे ती व्युत्पत्ती पक्की मानता येत नाही. आपण मात्र इंग्रजीच्या आधीच, त्या झाडाच्या मुलखातल्या शब्दाचा भाऊबंद घरात आणला होता आणि तो हरवून बसलो. मला याची मनापासून हळहळ वाटते.

आणखी एक प्रतिसाद:
जॅस्मिनसाठी मोगरा नको, जुई लिहा. मोगऱ्याचा वास भरगच्च, खोलीभर पसरणारा. इथे तो लांबून, झुळुकीबरोबर यावा तसा आहे. कॉफीची स्वतःची पांढरी फुलंही अशीच वास देतात. हे झाड आपल्या अनंताच्या कुळातलं.
इथिओपियात पाहुण्यांपुढेच हिरवे दाणे भाजतात आणि धुरासकट ते भांडं एकेकाच्या नाकापाशी नेतात. मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळते. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. सोबत बऱ्याचदा मक्याच्या लाह्या!

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. पाकिटावर आता असं लिहितोय:
‘यिर्गाचेफे, इथिओपिया. धुऊन वाळवलेले बुंददाणे, हलके भाजलेले. जुईचा मंद वास, लिंबाच्या सालीची चव, आंबटगोड. दुधाशिवाय, थोडी निवल्यावर प्यावी.’
आईला वाचून दाखवलं. ‘बुंद’वर ती थांबली आणि म्हणाली, “हा शब्द माझी आजी वापरायची.”