शब्दचर्चा : पासामाक्वॉडी ‘सकोम’, आणि १७९४ चा तह की करार?

प्रश्न : अमेरिकेतल्या मेन राज्यात २००१ च्या कायद्याने शाळांत वाबानाकी लोकांचा इतिहास शिकवणे बंधनकारक झाले. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी मी पासामाक्वॉडी या वाबानाकी जमातीच्या नेत्यांच्या भाषणांवर पाठ लिहिते आहे. त्यांच्या भाषेत प्रमुखाला ‘सकोम’ म्हणतात. ‘टोळीप्रमुख’ चालेल का? आणि १७९४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याशी (मेन तेव्हा त्याचाच भाग होते) झाला तो ‘करार’ म्हणू की ‘तह’?

उत्तर : ‘टोळी’ अजिबात नको. मराठीत टोळी दरोडेखोरांची असते. ‘सरदार’ म्हटले की वर कोणीतरी राजा आलाच. सकोमाची ताकद हुकमापेक्षा सभेत लोकांना पटवण्यात होती, म्हणून वक्तृत्वाला एवढे मोल. मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘जमातीचा प्रमुख’ असा खुलासा द्या. सामान्यरूप सरळ होते : सकोमाने, सकोमाचा.

मात्र १८८७ मध्ये मेनच्या विधिमंडळापुढे बोललेले लुईस मिचेल यांना सकोम म्हणू नका. ते जमातीचे तिथले प्रतिनिधी होते, तेही मताचा हक्क नसलेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आपल्या लोकांनी दिलेली साथ, त्या वेळची आश्वासने, मग १७९४, मग हातची गेलेली जमीन असा सगळा हिशेब त्यांनी मांडला. याला ‘गाऱ्हाणे’ म्हटले तर बोलणारा याचक ठरतो. ‘कैफियत’ म्हणा. आपल्याकडे गावे आणि घराणी आपला इतिहास आणि हक्क सरकारापुढे कैफियतीतूनच मांडत.

दुसरे मत : कैफियत मान्य. पण ‘तह’ लढाईनंतर होतो. पासामाक्वॉडी तर अमेरिकनांच्या बाजूने लढले होते. ‘करार’च बरा.

उत्तर : १८०२ चा वसईचा तह आठवा. दुसरा बाजीराव होळकरांकडून हरला होता, इंग्रजांशी त्याची लढाई झालीच नव्हती, तरी आपण तहच म्हणतो. तह दोन सत्तांमध्ये होतो, करार तर कंत्राटदाराशीही होतो. पुढे १९७० च्या दशकात जमातीने जमिनीचा दावा लावला, तो याच मुद्द्यावर की केंद्र सरकारच्या संमतीवाचून राज्याला त्यांची जमीन घेता येत नव्हती. १९८० मध्ये तडजोडीचा कायदा झाला. मुलांना ‘करार’ शब्द दिलात तर हा दावा कशाच्या जोरावर उभा राहिला ते त्यांना कळणारच नाही.

प्रश्नकर्ती : ‘तह’ घेते. मुलांना मिचेल यांच्या कैफियतीतले प्रत्येक वचन शोधून शेजारी लिहायला सांगणार आहे : कोणी दिले, कोणाला दिले, पाळले का.