वाचक घटले की ‘आकडे बघू नका’ एवढं सांगून भागतं का?

अर्धविराम

‘हल्ली वाचणारे कमी झालेत, लिहायची उमेद राहत नाही,’ असं नेटवर लिहिणारं कुणीही म्हणालं की उत्तर ठरलेलं असतं: आकडे बघू नका, स्वान्तःसुखाय लिहा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हा सल्ला मला अजिबात पटत नाही. स्वतःपुरतं लिहायचं तर वही पुरते. लेख प्रकाशित करतो तो कुणीतरी वाचावा म्हणूनच. ही इच्छा हलकी नाही, आणि ती दडपून उमेद परत येत नाही. उलट आपल्याला वाईट वाटतंय याचंच वाईट वाटायला लागतं.

माझं म्हणणं असं: आकडा जरूर बघा, पण तो कशाचा आहे ते आधी समजून घ्या. पुष्कळदा घटलेले असतात ते वाचक नव्हे, तर आपल्यापर्यंत येण्याचे रस्ते. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे आवडत्या संकेतस्थळांवरचे नवे लेख (फीड) एका जागी आणून दाखवणारी सेवा, बंद झाली आणि फीडमधून नेमाने वाचणारे कितीतरी लोक तुटले. त्यांना कंटाळा आला नव्हता. नवा लेख आल्याचं कळायची सोयच गेली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने न्यूज फीडमध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप द्यायचं जाहीर केलं, आणि फेसबुक पेजच्या भरवशावर असलेल्यांची वर्दळ आटली. मे २०२४ पासून गूगल शोधनिकालांच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं, आधी अमेरिकेत आणि मग इतरत्र. माहितीपर लिहिणाऱ्याला हा फटका सगळ्यात जास्त. त्याच्या लेखातलं सार वाचकाला मिळतं, पण वाचक त्याच्या पानावर येत नाही.

शिवाय मोजमाप तरी कुठे स्थिर आहे? संकेतस्थळावरची वर्दळ मोजणाऱ्या जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणं थांबवलं. नव्याची मोजणी वेगळी, त्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून ‘इतके वाचक गेले’ असं म्हणताच येत नाही. ईमेलने लेख पाठवणाऱ्यांचं बरोबर उलटं झालं. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेसाठी ईमेलमधली चित्रं आपोआप उतरवून घ्यायची सोय आली. ईमेल उघडलं का, हे त्यातलं बारीकसं चित्र उतरलं का यावरून मोजतात, त्यामुळे कुणी न वाचलेली ईमेलंसुद्धा ‘उघडली’ म्हणून मोजली जाऊ लागली. अशा आकड्यावरून स्वतःच्या लेखनाची किंमत ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. तुमचं मत काय?

भोवरा

असहमत. आकड्याचा अर्थ लावायला बसलात की त्याच्या पकडीत गेलातच. ‘रस्ता बंद झाला म्हणून घटले’ हे कळल्यावर तुम्ही काय करणार? नवा रस्ता शोधणार, त्यावरचा आकडा बघणार, आणि तोही पडला की पुन्हा खचणार.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे, बक्षिसाचा काही संबंध नसताना, मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा बरंच कमी चित्रं काढताना दिसली. आवडीने करायची गोष्ट बक्षिसाला बांधली आणि आवडच विरली. नेटवर लिहिणाऱ्यासाठी वाचनसंख्या हे रोजचं प्रशस्तिपत्र आहे. ते बघणं बंद करणं हा पळपुटेपणा नाही. मूळची आवड जपायचा तोच एक मार्ग मला दिसतो.

अर्धविराम

@भोवरा, त्याच प्रयोगाचा दुसरा भाग माझ्या बाजूने आहे. काही मुलांना आधी काहीही न सांगता, चित्र काढून झाल्यावर प्रशस्तिपत्र दिलं होतं. त्यांची आवड कमी झाली नाही. घात केला तो ‘हे केलं तर ते मिळेल’ या अपेक्षेने. म्हणून अनोळखी वाचकाचं अचानक आलेलं पत्र बळ देतं आणि रोज सकाळी उघडलेला आलेख बळ खातो. दोन्ही वाचकांकडूनच येतात. तुम्ही दोन्ही एकदम टाकून द्यायला सांगताय.

तळटीप

दोघांचं वाचलं. दोघांनीही गृहीत धरलंय की लेखन उत्तम आहे आणि दोष बाहेर कुठेतरी आहे. नेहमी तसं नसतं. आपण तेच तेच लिहू लागलेलो असतो आणि वाचक मुकाट्याने निघून गेलेला असतो. हे ऐकायला कडू आहे, पण तपासता येतं. सगळे जुने-नवे लेख एकदम, एकाच सुमारास घसरले असतील तर बहुतेक रस्ता तुटलाय. जुने लेख पूर्वीसारखेच वाचले जातायत आणि नवेच पडून आहेत, तर मात्र लेखनाकडे बघायला हवं. शोधातून येणारे कमी झाले पण पत्ता लक्षात ठेवून थेट येणारे टिकून असतील, तर खचायचं काहीच कारण नाही. हे न तपासता ‘अल्गोरिदमने मारलं’ म्हणणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती वाटत नाही.

पानगळ_७

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने जवळपास १,८०० कविता लिहिल्या. हयातीत छापून आल्या त्या साधारण दहा. तरीही ती लिहीत राहिली. वाचकांशिवाय लिहिता येत नाही असं कुणी म्हटलं की मला तिची आठवण होते. भोवरा यांना +१.

तळटीप

@पानगळ_७, डिकिन्सनला वाचक नव्हते हे खरं नाही. तिने शेकडो कविता पत्रांतून पाठवल्या. वहिनी सुसानला एकटीला दोनशेच्या वर. छापणारे नव्हते, वाचणारे होते, आणि ते कोण आहेत हे तिला नावानिशी माहीत होतं. नेटवर आपल्याकडे नेमकं हेच नसतं. हजार ‘व्ह्यूज’ दिसतात, त्यात माणसं किती, बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) किती, तीन सेकंदांत परत गेलेले किती, काही कळत नाही. हा आकडा पाचशेवर आला तर नक्की काय हरवलं, सांगा बरं? मला विचाराल तर उमेद टिकवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आपल्या पाच-दहा वाचकांना खरोखर ओळखणं, त्यांच्या पत्रांना सविस्तर उत्तरं देणं.

भोवरा

तळटीप, तुमच्या या पाच-दहांचीच मला जास्त भीती वाटते. आकडा निदान चेहरा नसलेला असतो. ओळखीचे वाचक झाले की लिहिताना ते डोळ्यांसमोर येतात, आणि त्यांना न आवडणारं वाक्य आपण आधीच गाळतो. कौतुक करणाऱ्या छोट्या वर्तुळात चांगले लिहिणारे मवाळ होत गेलेले मी पाहिलेत. वाचक घटणं ही एका अर्थाने मोकळीक आहे. कुणी बघत नसताना वेगळा विषय, वेगळा बाज करून बघता येतो. ही संधी कुणी घेतच नाही, सगळे जुने दिवस परत आणायच्या मागे.

रुजवात

मी पूर्वी नियमित लिहायचे, आता थांबले आहे. वरचं सगळं वाचून एक विचारावंसं वाटतं: उमेद टिकवायलाच हवी, हे कुणी ठरवलं? सांगण्यासारखं संपलं असेल तर थांबणं हीसुद्धा सचोटी आहे. लिहिणं थांबवलं की लोक ‘हार मानलीस’ म्हणतात, त्याचा फार त्रास होतो.

अर्धविराम

@रुजवात, असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. विषय संपला म्हणून थांबणं पूर्णपणे योग्य आहे. माझा विरोध आकडा कोसळल्याच्या आठवड्यात, त्याच धक्क्यात थांबण्याला आहे. त्या वेळी विषय संपलाय की फक्त मन दुखावलंय, हे आपलं आपल्यालाही कळत नाही. म्हणून मी पुढच्या लेखाचा विषय मागच्या लेखाचा आकडा बघायच्या आधी ठरवतो, आणि शक्यतो त्याचे दोन-तीन परिच्छेद लिहूनही ठेवतो. मग आकडा काहीही निघो, अर्धवट लेख पुरा करायचा असतोच.

@भोवरा, मोकळीक मिळते हे मान्य, वेगळा बाज करून बघावा हेही मान्य. पण त्या मोकळिकीत लिहिलेलं तुम्ही वहीत ठेवत नाही, प्रकाशितच करता. का करता, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

भोवरा

प्रकाशित करायचं म्हटलं की मी वाक्य चार वेळा तपासतो, वहीत तपासत नाही, म्हणून. त्यासाठी कुणी वाचलंच पाहिजे असं नाही. कुणीही वाचू शकेल एवढं पुरतं. आपला मतभेद इथेच आहे, आणि तो मिटेलसं मला वाटत नाही.