जीसीसीची एक्स्टेन्शन्स की प्रमाण सी: कोणता मोड ठेवावा?

धागाकर्ता: जुना सी प्रोजेक्ट जीसीसी या कंपायलरबरोबर क्लँग या दुसऱ्या कंपायलरवरही बिल्ड व्हायला हवा, म्हणून मेकफाइलमध्ये -एसटीडी=सी११ (फक्त प्रमाण सी, जीसीसीची एक्स्टेन्शन्स म्हणजे जादा सोयी नकोत) हा फ्लॅग टाकला. आता मॅक्रोंतल्या 'टाइपऑफ'वर (एक्स्प्रेशनचा टाइप देणारं एक्स्टेन्शन) एरर येते आणि 'स्ट्रडप'चं (स्ट्रिंगची कॉपी करणारं फंक्शन) डिक्लरेशनच सापडत नाही. फ्लॅग काढला तर स्ट्रक्चरमध्ये नव्याने घातलेला 'लिनक्स' नावाचा इंट मेंबर अडतो. काय करावं?

पॉइंटरप्रेमी: सी११ च ठेवा. त्या मोडमध्ये 'टाइपऑफ' आणि 'एएसएम' ही नावं प्रोग्रॅमरच्या मालकीची असतात, म्हणून कंपायलर ती कीवर्ड मानत नाही. मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर लावून __टाइपऑफ__ लिहा, ते सगळ्या मोडमध्ये चालतं, क्लँगवरही.

'स्ट्रडप' सी११ मध्ये नाही, पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं प्रमाण) आहे. _पॉझिक्स_सी_सोर्स हा मॅक्रो २००८०९एल या किमतीने डिफाइन करा, पण पहिल्या इन्क्लूडच्या आधी. नंतर केलात तर उपयोग शून्य, कारण कोणती डिक्लरेशन्स उघडायची हे पहिल्याच हेडरमध्ये ठरून जातं. कमांडलाइनवर -डी ने (मॅक्रो डिफाइन करणारा फ्लॅग) देणं सगळ्यात सुरक्षित. डिक्लरेशन सापडलं नाही तर जुन्या जीसीसीत फक्त वॉर्निंग येते, ती कृपया सोडू नका: फंक्शन इंट परत करतं असं धरलं जातं, ६४ बिट पॉइंटर अर्धा कापला जातो आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी होतो.

हेडरफाइल: 'लिनक्स'चं कारण वेगळं. जीएनयू मोडमध्ये (प्रमाण सी अधिक एक्स्टेन्शन्स; फ्लॅग नसेल तर हाच मोड) हा १ किमतीचा तयार मॅक्रो असतो. -ई देऊन प्रीप्रोसेसरचं आउटपुट बघा, मेंबरच्या जागी 'इंट १;' दिसेल. 'युनिक्स'चंही तेच. मेंबरचं नाव बदलून टाका.

सीमेक हे बिल्ड टूल वापरत असाल तर स्टँडर्ड ११ सांगून भागत नाही, तो गुपचूप जीएनयू११ देतो. सीमेक_सी_एक्स्टेन्शन्स ऑफ करा.

धागाकर्ता: मग -पेडँटिकने एक्स्टेन्शन्स बंद होतील ना?

पॉइंटरप्रेमी: नाही, ते फक्त वॉर्निंग देतं. बिल्ड थांबवायचा तर -पेडँटिक-एरर्स. जे एक्स्टेन्शन मुद्दाम ठेवायचंय, त्या एक्स्प्रेशनआधी __एक्स्टेन्शन__ लावा. नेस्टेड फंक्शन्स (फंक्शनच्या आत लिहिलेली फंक्शन्स) मात्र काढावीच लागतील, क्लँग ती घेत नाही.

दशांश: मोड बदलल्यावर फ्लोटिंग पॉइंटच्या टेस्ट पुन्हा चालवाच. जीएनयू मोडमध्ये जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच एफएमए इन्स्ट्रक्शनमध्ये बसवू शकतो, तेव्हा राउंडिंग एकदाच होतं. प्रमाण मोडमध्ये -एफएफपी-काँट्रॅक्ट (असं एकत्रीकरण ठरवणारा फ्लॅग) ऑफ असतं, राउंडिंग दोनदा. प्रोसेसरला एफएमए असेल तर शेवटचे अंक हलतात.

आणि मोड स्पष्ट लिहाच. जीसीसी १५ चा डिफॉल्ट जीएनयू२३ (नवं सी२३ प्रमाण अधिक एक्स्टेन्शन्स) आहे. तिथे 'बूल' कीवर्ड झालाय, त्यामुळे जुना 'टाइपडेफ इंट बूल' कंपाइलच होत नाही.