शिबिर संपल्यावर बातमी छापून काय मिळतं?

नदीकाठचा:
आमच्या तालुक्याच्या गावातल्या सेवा क्लबात मी ९ वर्षं आहे. यंदा जुलैपासून प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आलं. पहिलाच मोठा कार्यक्रम मोतीबिंदू तपासणी शिबिराचा. चौकात फ्लेक्स लागला, दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले. तपासून घ्यायला आले जेमतेम ४० जण. डॉक्टर दुपारीच मोकळे झाले.

बुधवारी पेपरात बातमी आली, ‘शिबिर उत्साहात संपन्न’. गुरुवारी आमचा आठवडी बाजार. माझ्या दुकानाच्या पायरीवर एक आजी उभ्या, सोबत नातू, त्याच्या हातात तेच कात्रण. "डोळं तपासायचं कुठं हाय?" त्या दिवशी अशा ७ जणांना मी परत पाठवलं. आजी १८ किलोमीटरवरून एसटीनं आल्या होत्या.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आमची प्रसिद्धी उलटी चालते. जी कामाच्या आधी, गरजूसाठी व्हायला हवी, ती आम्ही कामानंतर स्वतःसाठी करतो. माझा प्रस्ताव असा की सत्काराचा खर्च बंद करायचा आणि त्या पैशात शिबिराआधीच्या ३ आठवडी बाजारांना रिक्षा फिरवायची, गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सूचना द्यायची, आशाताईंना आधी भेटायचं. बैठकीत विरोध झाला. मोकळेपणानं मतं सांगा.

जुना पिंपळ:
विरोध करणाऱ्यांत मीही असतो. मीही अशाच एका क्लबात २० वर्षं काढली. सुरुवातीला आम्ही ८-१० जण होतो, कुणाची फी भरली तर घरीसुद्धा सांगत नव्हतो. मग प्रसिद्धी आली आणि तिच्यामागून माणसं आली ती फोटोसाठीच. बाकाला दात्याचं नाव, पाणपोईला नाव, वह्या वाटल्या तर प्रत्येक वहीवर अध्यक्षांचा चेहरा. तुम्ही आज रिक्षा फिरवाल, उद्या तिच्यावर कुणाचा फोटो लावायचा यावरून भांडण होईल. गाडगेबाबांनी पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. कुठे बातमी दिली? काम चोख असलं की लोक आपोआप येतात.

बाजारपेठ:
आपोआप कुणी येत नाही, पिंपळकाका. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. आणि वर्गणीचं काय? मी व्यापारी आहे, माझ्याकडे वर्षाला पंधरा मंडळं येतात. ज्यांचं काम दिसतं त्यांनाच मी देतो. फोटो बंद केले तर पैसा आटेल आणि नवे सभासदही मिळणार नाहीत. आमच्याकडच्या अशाच एका क्लबात पन्नाशीच्या आतला एक माणूस उरलेला नाही.

सांजवात:
फोटोंबद्दल मला बोलायचंय. माझ्या आईचं ऑपरेशन अशाच एका शिबिरात झालं. ऑपरेशन चांगलं झालं, त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात फळांची पिशवी आणि मागे पाच जण हसत उभे, असा तिचा फोटो पेपरात आला. कुणी विचारलंही नव्हतं. आई आयुष्यभर शेतात राबली, कुणापुढे हात पसरला नाही. महिनाभर ती भजनाला गेली नाही. तुमची वर्गणी माझ्या आईच्या चेहऱ्यावर गोळा होत असेल तर तो चेहरा तिचा आहे, तिला आधी विचारा.

बाजारपेठ:
ताई, हे मी या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं. पैशाचा हिशोब छापा, ऑपरेशनं किती झाली ते छापा. माणसाचा फोटो नको, हे मान्य.

पेढीतली:
मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. प्रसिद्धीच्या वेळेचा मुद्दा आम्ही रोज भोगतो. शिबिरं होतात २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला, कारण त्या दिवशी बातमी लागते. लाल पेशींची पिशवी टिकते ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एका दिवशी ढीग आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, नातेवाईक पिशवीसाठी गावभर फिरतात. पुरुष ३ महिन्यांनी आणि स्त्रिया ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकतात. सगळे एकाच दिवशी आले की पुढचे ३ महिने मी कुणाला बोलावू?

नेत्रदानाचंही तसंच. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं थोडं उंच ठेवायचं. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. हे किती घरांत माहीत आहे? घरात माणूस गेलाय त्या क्षणी कुणाला तरी हे आठवलं पाहिजे. संकल्पपत्र भरतानाचे फोटो कपाटात राहतात. पिंपळकाका, इथे गप्प राहणं म्हणजे एक डोळा जाळणं आहे. जरा कडक बोलले, माफ करा.

जुना पिंपळ:
माफी कसली. पण माझी भीती खोटी नाही. क्लबचं वर्ष १ जुलैला बदलतं आणि नव्या अध्यक्षाला अहवालात स्वतःचं काही दाखवायचं असतं. तुमची रिक्षा यंदा फिरेल, पुढच्या वर्षी पुन्हा फ्लेक्स. तोही बहुतेकदा विनापरवाना. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपणाच्या कायद्यात तो गुन्हा आहे, आणि आम्ही स्वतःला समाजसेवक म्हणवतो.

नदीकाठचा:
फ्लेक्सबद्दल तुमचं बरोबर आहे, आमच्याही फ्लेक्सला परवानगी नव्हती. सांजवातताई, फोटो आम्ही बंद करतोय, त्यासाठी मी बैठकीत भांडेन.

गाडगेबाबांबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. बाबा गावात शिरले की आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. हजारो लोकांपुढे स्वच्छता, शिक्षण, कर्ज काढून सण करू नका, हेच. एवढी मोठी प्रसिद्धी आपल्याकडे क्वचितच कुणी केली. त्यांनी स्वतःची केली नाही, गोष्टीची केली. पोलिओचंही तेच. रोटरीनं १९८५ मध्ये जगभर ते काम हाती घेतलं, पण आमच्या वस्तीवर आईला एवढंच सांगितलं जायचं की रविवारी बाळाला बूथवर आणा. डोस घेतल्यावर करंगळीला शाईची खूण. खूण नसलेलं मूल शोधत कार्यकर्ते घरोघर फिरले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. डोस कुणाच्या नावानं मिळतो, हे त्या आईला कळायची गरजच नव्हती.

एका वर्षाच्या भीतीवर मला एकच सुचतं. गावांची आणि आशाताईंची नावं लिहिलेली वही क्लबची असावी, अध्यक्षाची नाही. पुढच्या शिबिराची चिठ्ठी लिहिलीय, चुका काढा:

‘मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू निदान शिबिर. गुरुवारी सकाळी ९ ते ४, बाजारतळाशेजारची शाळा. आधार कार्ड आणावे.’

पेढीतली:
‘निदान’ काढा. ‘डोळे तपासून मिळतील, ऑपरेशन लागलं तरी पैसे द्यावे लागणार नाहीत’ असं लिहा. बीपी-साखरेच्या गोळ्या सोबत आणायला सांगा.

सांजवात:
परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ टाका. आईला न्यायला मी त्याच काळजीत होते. आणि सोबत एक माणूस आणा, असं लिहा.

जुना पिंपळ:
अक्षर मोठं ठेवा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच आहे ते. आमच्या बाजूच्या ४ वाड्यांत मी स्वतः वाचून दाखवतो, चिठ्ठ्या कुठे मिळतील सांगा.