मदत हवी आहे: जिवाणूंची वर्तुळं उमटतच नाहीत

मंडळी, भुसावळहून लिहितेय. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ई. कोलाय हा जिवाणू रसायनाचा माग कसा काढतो ते मऊ आगरवर (शेवाळापासूनच्या जेलीवर) दाखवायचंय. ०.३ टक्के आगर, ट्रिप्टोन (पचवलेल्या प्रथिनांचं खाद्य), मधोमध सुईने जिवाणू टोचले. त्यातली अमिनो आम्लं, आधी सेरीन, मग अ‍ॅस्पार्टेट, संपवत एकात एक दोन वर्तुळं पसरायला हवीत. माझ्याकडे दुसऱ्या दिवशीही एक पांढरा ठिपका, बस्स. प्लेट जरा कलंडली की आगर घसरतं, तो वैताग वेगळाच.

थिअरी पाठ आहे: शेपट्या (फ्लॅजेला, पोहण्याचे धागे) घड्याळाच्या उलट फिरल्या की सरळ पळणं, सुलट फिरल्या की कोलांटी आणि नवी दिशा, आवडतं रसायन वाढत गेलं की कोलांट्या कमी. पण शेपट्याच नसतील तर? हँगिंग ड्रॉपमध्ये (काचेला लटकवलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) बहुतेक जण जागच्या जागी थरथरताना दिसले.

संशय दोन. टोचायचे जिवाणू रात्रभर ग्लुकोज घातलेल्या ब्रॉथमध्ये (पातळ खाद्यात) वाढवले, आणि ग्लुकोजने शेपट्या बनणं दबतं. दुसरा आमचा मे महिना! इन्क्युबेटर ३० वर लावलाय, पण त्याला फक्त तापवता येतं. खोलीच ४२ ला. एवढ्या उष्णतेतही शेपट्या नीट बनत नाहीत.

आधी काय बदलू? आणि कूलिंगवालं इन्क्युबेटर नसताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या ठेवून कुणी ३० अंश टिकवलेत का?