व्हिजिटिंग कार्ड स्कॅन करण्याची मासिक मर्यादा किती?

प्रश्न (सातपूर, नाशिक): आमच्या कारखान्याचे तीन विक्री प्रतिनिधी पुढील महिन्यात एका औद्योगिक प्रदर्शनात बसणार असून तेथे दोनशेहून अधिक व्हिजिटिंग कार्डे सहज जमा होतील. आमच्याकडे डायनॅमिक्स ३६५ सेल्स या मायक्रोसॉफ्टच्या विक्री-व्यवस्थापन सॉफ्टवेअरचे एंटरप्राइझ परवाने आहेत. ही सर्व कार्डे मोबाइलवरून स्कॅन करता येतील का?

उत्तर (अंबड): नाही. या परवान्यात प्रत्येक वापरकर्त्याला महिन्याला १० कार्डे स्कॅन करता येतात, म्हणजे तिघांची मिळून ३०. प्रीमियम परवान्यात हीच मर्यादा प्रत्येकी २०० आहे. मात्र एका प्रदर्शनासाठी सर्वांचे परवाने वाढवणे मला योग्य वाटत नाही. महत्त्वाच्या चौकशा तेवढ्या स्कॅन कराव्यात आणि उरलेली कार्डे एक्सेलमध्ये भरून एकत्र आयात करावीत, कारण त्या मार्गाला स्कॅनची मर्यादा लागू होत नाही.

उत्तर (इंदिरानगर): सहमत. आयातीपूर्वी दुबार नोंदी अवश्य तपासाव्यात. एकाच ग्राहकाचे कार्ड तिघांकडेही असू शकते. शिवाय चौकशी कशाची होती, हे कार्डाच्या मागे त्याच वेळी लिहून ठेवावे, ते कोणताही स्कॅनर सांगणार नाही.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. एक्सेलचा तक्ता आजच तयार करतो.